‘संप चालू आहे, नंतर या’ : विद्यापीठ-कॉलेजमधल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची संघटना काय करते, आणि गावातल्या माणसाचा तिच्याशी काय संबंध?

बुलढाणा (प्रतिनिधी) : कॉलेजच्या ऑफिसात टीसी काढायला जावं आणि खिडकीवर कागद चिकटवलेला असावा, ‘बेमुदत काम बंद’. हा अनुभव आपल्या जिल्ह्यातल्या बऱ्याच पालकांनी घेतला आहे. मग बाहेर चहाच्या टपरीवर चर्चा होते की यांना एवढा पगार असून पुन्हा संप कशाचा? काही जण शिव्या घालतात, काही म्हणतात त्यांचंही बरोबर असेल. पण संप करणारे नेमके कोण, ते मागतात काय, आणि त्यात आपल्या पोरापोरींचं किती अडकतं, हे कोणी समजावून सांगत नाही. म्हणून हा लेख.

आधी हे कर्मचारी कोण ते पाहू. बुलढाणा जिल्ह्यातली कला, वाणिज्य, विज्ञान शाखेची कॉलेजं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठापासून वेगळं झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम आणि बुलढाणा असे पाच जिल्हे त्याच्याकडे आहेत. आपण विद्यापीठ म्हटलं की प्राध्यापक आणि कुलगुरू डोळ्यापुढे आणतो. पण तुमच्या मुलीचा परीक्षेचा फॉर्म तपासणारा, हॉल तिकीट काढणारा, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजून घेणारा, गुणपत्रिकेवरचं चुकलेलं नाव दुरुस्त करणारा, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनवरून पुढे पाठवणारा माणूस प्राध्यापक नसतो. तो कनिष्ठ लिपिक असतो, वरिष्ठ लिपिक असतो, अधीक्षक असतो. प्रयोगशाळेत काचेची भांडी मांडणारा परिचर, ग्रंथालयात पुस्तक काढून देणारा, शिपाई, चौकीदार हे सगळे याच गटातले. सरकारी भाषेत यांना ‘शिक्षकेतर कर्मचारी’ म्हणतात. आपल्या भाषेत ‘ऑफिसातले बाबू’.

यांची संघटना वेगळी आणि प्राध्यापकांची वेगळी. आपल्या भागात प्राध्यापकांची संघटना म्हणजे ‘नुटा’. बाबू लोकांचा तिच्याशी संबंध नाही. विद्यापीठाच्या आवारात काम करणाऱ्यांची एक संघटना असते, कॉलेजात काम करणाऱ्यांची दुसरी, आणि राज्यपातळीवर या सगळ्यांनी मिळून संयुक्त कृती समिती केलेली आहे. संप पुकारायचा तर ही समिती पुकारते. त्यामुळे खामगावच्या किंवा चिखलीच्या कॉलेजात काम बंद झालं तर ते त्या कॉलेजच्या संस्थाचालकाशी भांडण असेलच असं नाही. बहुतेक वेळा भांडण मुंबईत मंत्रालयाशी असतं आणि खिडकी आपल्या गावची बंद होते.

एरवी वर्षभर ही संघटना काय करते? दिसत नाही, पण काम असतं. कोणाची वेतननिश्चिती चुकली, कोणाचं सेवापुस्तक अपुरं आहे, कोणाची वैद्यकीय बिलं सहसंचालक कार्यालयात पडून आहेत, निवृत्त झालेल्याची पेन्शन सुरू झाली नाही, वारलेल्या कर्मचाऱ्याच्या पोराला अनुकंपावर घ्यायचं आहे, अशी प्रकरणं घेऊन पदाधिकारी कुलसचिवांकडे आणि अमरावतीच्या विभागीय सहसंचालकांकडे खेटे घालतात. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सरचिटणीस, कोषाध्यक्ष अशी कार्यकारिणी असते, निवडणूक होते, वर्गणी असते. आपल्याकडच्या सोसायटीच्या निवडणुकीत असतं तसं पॅनल, रुसवेफुगवे इथेही असतात. संघटनेचा कोण किती कामाचा हे त्या लोकांना बरोबर माहीत असतं. बाहेरच्याला फक्त घोषणा ऐकू येतात.

२०२३ मध्ये काय झालं होतं

या संघटना काम कसं करतात हे समजायला २०२३ चा फेब्रुवारी महिना आठवावा. एकदम संप झाला नव्हता. २ फेब्रुवारीपासून परीक्षेच्या कामावर बहिष्कार सुरू झाला. १४ तारखेला जेवणाच्या सुट्टीत निदर्शनं, १५ ला काळ्या फिती लावून काम, १६ ला एक दिवसाचा लाक्षणिक संप, आणि २० फेब्रुवारीपासून बेमुदत काम बंद. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्येही जवळजवळ याच मागण्यांसाठी काम बंद झालेलं होतं. म्हणजे एकदा आश्वासन मिळालं, ते पुरं झालं नाही, म्हणून पुन्हा. राज्यातल्या काही विद्यापीठांना त्या वेळी परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. सरकारशी बोलणी झाली आणि संप मिटला. त्यानंतर महिनाही होत नाही तोच १४ मार्चला जुन्या पेन्शनसाठी सगळ्याच राज्य कर्मचाऱ्यांचा संप झाला. तो २० मार्चला मिटला. तलाठी, ग्रामसेवक, दवाखान्यातल्या नर्स, शाळेतले गुरुजी सगळे त्यात होते, त्यामुळे तो गावागावात लक्षात राहिला. आधीचा फेब्रुवारीचा मात्र फक्त ज्यांच्या घरात कॉलेजचं पोरगं होतं त्यांनाच कळला.

या क्रमात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. काळी फीत लावली त्या दिवशी तुमचं काम होतं. जेवणाच्या सुट्टीत निदर्शनं असली तरी काम होतं. लाक्षणिक संप म्हणजे एक दिवस वाया, दुसऱ्या दिवशी जावं. ‘परीक्षा कामकाजावर बहिष्कार’ असेल तर टीसी-बोनाफाईड मिळू शकतं पण निकाल, पुनर्मूल्यांकन, हॉल तिकीट यांचं काम अडतं. बेमुदत संपातच सगळं बंद. तेव्हा पेपरात बातमी आली की नुसतं ‘संप’ एवढं वाचून घरी बसू नका, कोणता टप्पा आहे ते पाहा. लोणार किंवा देऊळगाव राजाहून अमरावतीला जाऊन हात हलवत परत यायचं म्हणजे भाडं गेलं, मजुरी बुडाली आणि दिवसही गेला. मलकापूर, नांदुरा, शेगाववाल्यांना निदान बडनेऱ्यापर्यंत रेल्वे आहे.

मागण्या काय होत्या

मागण्यांची यादी वाचली तर शासन निर्णय क्रमांकांशिवाय काही दिसत नाही. त्यातल्या मुख्य तीन-चार आपल्या भाषेत सांगतो.

पहिली, आश्वासित प्रगती योजना. समजा एखादा गडी पंचविसाव्या वर्षी कनिष्ठ लिपिक म्हणून लागला. वरची जागा एकच, ती रिकामी होणार वरचा निवृत्त झाल्यावर. मग हा वीस-पंचवीस वर्षं त्याच खुर्चीवर राहतो. त्याची चूक नाही, जागाच नाही. म्हणून सरकारने योजना केली की ठरावीक वर्षं एकाच पदावर गेली आणि बढती मिळाली नाही तर पद तेच ठेवून पगार वरच्या पदाचा द्यायचा. पूर्वी हे १२ आणि २४ वर्षांनी होतं. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना २ मार्च २०१९ च्या निर्णयाने १०, २० आणि ३० वर्षांनी असे तीन लाभ झाले. विद्यापीठ-कॉलेजवाल्यांच्या बाबतीत उलटं झालं. त्यांना आधी ज्या शासन निर्णयांनी हा लाभ दिला होता तेच निर्णय ७ डिसेंबर २०१८ आणि १६ फेब्रुवारी २०१९ च्या निर्णयांनी रद्द केले गेले. म्हणजे ज्याला लाभ मिळालेला आहे त्याच्यावर वसुलीची तलवार. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाला असं कळलं की मिळालेला पगार परत द्यावा लागू शकतो, तर तो रस्त्यावर येणारच. सगळ्या मागण्यांत मला ही सगळ्यात न्याय्य वाटते. आपल्याला पीक विम्याचे पैसे खात्यात टाकून दोन वर्षांनी परत मागितले तर आपण काय करू?

दुसरी, सातवा वेतन आयोग. राज्य कर्मचाऱ्यांना तो १ जानेवारी २०१६ पासून लागू धरला गेला. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष पगार उशिरा वाढला आणि १ जानेवारी २०१६ ते ३१ ऑक्टोबर २०२० या ५८ महिन्यांची थकबाकी राहिली. विद्यापीठांतली १४१० पदं तर आयोगातूनच सुटली होती. ही थकबाकी आणि ही सुटलेली पदं २०२३ च्या यादीत होती.

तिसरी, पेन्शन. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर जो लागला त्याला जुनी पेन्शन नाही. जुन्या पेन्शनमध्ये हिशेब सोपा होता. शेवटचा मूळ पगार ५०,००० असेल तर पेन्शन त्याच्या निम्मी, २५,०००, आणि वर महागाई भत्ता. कर्मचाऱ्याच्या पगारातून त्यासाठी कपात नाही. नव्या योजनेत मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के कर्मचाऱ्याचे कापतात, सरकार १४ टक्के टाकतं, ते पैसे बाजारात गुंतवतात. निवृत्तीच्या वेळी जमलेल्यातले किमान ४० टक्के पेन्शन विकत घ्यायला ठेवावे लागतात, बाकीचे हातात मिळतात. पेन्शन किती येईल हे आधी कोणी सांगू शकत नाही. मार्च २०२३ च्या संपानंतर यात काही बदल झाले. ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी निघाली पण नेमणूक नंतर झाली अशा राज्य कर्मचाऱ्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय देण्याचा निर्णय जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने घेतला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या धर्तीवरची एकीकृत पेन्शन योजना मंजूर झाली.

इथे शेतकरी म्हणतो, आम्हाला कोणती पेन्शन आहे? प्रश्न रास्त आहे. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो योजनेचे ६,००० धरले तरी महिन्याला हजार रुपये होतात. पण बाबूची पेन्शन गेली म्हणून ती आपल्या खात्यात येत नाही, हेही तेवढंच खरं. आणि त्या बाबूंपैकी निम्मे-अर्धे आपल्याच गावच्या कोरडवाहू शेतकऱ्यांची पोरं आहेत.

चौथी मागणी पाच दिवसांच्या आठवड्याची. सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून शनिवार सुट्टी झाली, आम्हालाही द्या, असं त्यांचं म्हणणं. ही मागणी मला पटत नाही. संग्रामपूर किंवा जळगाव जामोदकडचा मजुरी करणारा बाप आठवड्यात एखादा दिवस मोकळा काढतो, त्यात शनिवारही गेला तर तो कॉलेजात येणार कधी? खिडकी ऑनलाइन झाली असती तर गोष्ट वेगळी होती.

रिकाम्या जागा भरा, ही मागणी मात्र आपल्याही फायद्याची आहे. तीन टेबलांचं काम एकाच माणसाकडे असेल तर तुमचा अर्ज तिसऱ्या टेबलाखालीच राहणार. संघटनेच्या निवेदनात ही ओळ नेहमी असते. गावाने, पालकांनी ती कधी उचलली नाही.

तक्रार कुठे करतात

प्रत्येक गोष्टीला संपच लागतो असं नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात (तो १ मार्च २०१७ पासून लागू आहे) कर्मचाऱ्यांसाठी तक्रार निवारण समितीची तरतूद आहे. एखाद्याला बडतर्फ केलं, कामावरून कमी केलं किंवा खालच्या पदावर टाकलं तर विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. विदर्भासाठी ते नागपूरला आहे. खासगी संस्थेच्या कॉलेजात नोकरी करणाऱ्या शिपायाला हे माहीत असणं गरजेचं आहे. कारण ‘उद्यापासून येऊ नको’ असं तोंडी सांगायची पद्धत आपल्याकडे अजून गेलेली नाही.

विद्यापीठ हा उद्योग आहे का, हा वादही जुना आहे. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली विद्यापीठाच्या एका प्रकरणात नाही म्हटलं. त्या प्रकरणातले कर्मचारी बस चालवणारे ड्रायव्हर होते. १९७८ मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाच्या प्रकरणात सात न्यायाधीशांनी तो निकाल फिरवला आणि शिक्षणसंस्थाही ‘उद्योग’ या व्याख्येत आणल्या. मग १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शाळेच्या शिक्षिकेचं प्रकरण आलं, त्यात न्यायालय म्हणालं की शाळा उद्योग असली तरी शिक्षक ‘कामगार’ नव्हे. म्हणजे एकाच इमारतीत शिकवणारा कामगार नाही, पण शिपाई आणि लिपिक कामगार ठरू शकतो. कामगार कायद्याचं संरक्षण तिथून येतं.

ज्यांची संघटनाच नाही

आता खरी गोष्ट. गेल्या पंधरा-वीस वर्षांत कॉलेजात, विद्यापीठात, कृषी विद्यापीठाच्या फार्मवर जी आपली पोरं लागली, त्यातली बरीच कंत्राटी किंवा रोजंदारी आहेत. एजन्सी पगार करते, कॉलेज काम सांगतं. दोघांनाही विचारलं तर दुसऱ्याकडे बोट. संघटनेच्या सभासदांच्या यादीत ती बहुतेक ठिकाणी नसतात. संपाच्या दिवशी कायम बाबू मंडपात बसतो आणि कंत्राटी पोराला सांगितलं जातं की तू काम चालू ठेव, नाहीतर उद्या दुसरा येईल. कायम माणसाच्या आश्वासित प्रगतीसाठी संघटना दहा वर्षं लढते, आणि शेजारच्या टेबलावरच्या कंत्राटी मुलाच्या पीएफबद्दल एक निवेदन देत नाही. हे संघटनांना तोंडावर सांगायला पाहिजे.

कृषी विद्यापीठांत हा प्रश्न सर्वात जुना आहे. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ चं. त्याच्या आणि राहुरीच्या विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर मजूर वर्षानुवर्षं रोजंदारीवर राबले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या मजुरांचं प्रकरण त्यांची युनियन सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. २००१ मध्ये निकाल लागला की मंजूर पदच नसेल तर नुसती वर्षं भरली म्हणून कायम करता येत नाही. पद मंजूर करणं सरकारच्या हातात. २००६ मध्ये कर्नाटकच्या उमादेवी प्रकरणात पाच न्यायाधीशांनी हेच तत्त्व आणखी घट्ट केलं. पण दार पूर्ण बंद झालं असं नाही. २००९ मध्ये आपल्या एसटी महामंडळाच्या गाड्या धुणाऱ्या कामगारांचं प्रकरण कास्ट्राईब संघटनेने लढवलं. तिथे पदं होती, तरी माणसं तात्पुरती ठेवली होती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा वेळी ही ‘अनुचित कामगार प्रथा’ ठरते आणि १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली औद्योगिक न्यायालय कायम करण्याचा आदेश देऊ शकतं.

या निकालांमधून गावातल्या पोराने एवढंच घ्यावं : मी ज्या जागेवर काम करतो ती मंजूर आहे का? माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज टाकून हे विचारता येतं. अमुक कॉलेजात किंवा विभागात शिक्षकेतर मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामी किती. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. विद्यापीठ आणि अनुदानित कॉलेज दोघांनाही हा कायदा लागतो.

आणि कागद जपावेत. हजेरीचा फोटो, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, एजन्सीचं ओळखपत्र, कोणी व्हॉट्सअॅपवर काम सांगितलं असेल तर तो मेसेज. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या एजन्सीला पीएफ भरावाच लागतो. पगारातून १२ टक्के कापतात, ते खरंच भरतात का हे उमंग अॅपवर पासबुक उघडून दर दोन-तीन महिन्यांनी पाहावं. कापलेलं दिसतं आणि भरलेलं दिसत नाही, अशी प्रकरणं कमी नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला होता आणि ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये रद्द केला. तो निर्णय रद्द झाला म्हणून कंत्राटी पद्धत गेली असं समजू नका. कॉलेज पातळीवर ती चालूच आहे.

संपात तुमचं काम अडकलं तर

प्रवेशाची किंवा शिष्यवृत्तीची शेवटची तारीख जवळ असेल तर आधी अर्ज लेखी द्या. ऑफिस बंद असलं तरी प्राचार्य संपावर नसतात. त्यांच्याकडे अर्जाची पोच मागा, सही-तारखेसह. पोच देत नसतील तर कॉलेजच्या ईमेलवर तोच अर्ज पाठवा, मेल गेल्याची तारीख हाच पुरावा. पुढे मुदत गेली म्हणून शिष्यवृत्ती नाकारली तर हा कागद कामाला येतो. विद्यापीठाच्या वेबसाइटवर मुदतवाढीचं परिपत्रक येतं, ते कॉलेजच्या ग्रुपवर उशिरा पडतं, म्हणून थेट साइटवर पाहत जा.

संप नसताना अडवणूक होत असेल तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. ज्या सेवा अधिसूचित केल्या आहेत त्यांची मुदत, शुल्क आणि अपील कोणाकडे करायचं याचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. गेल्यावर आधी तो फलक शोधा. नसेल तर त्याच दिवशी प्राचार्यांना किंवा कुलसचिवांना लेखी विचारा की फलक का नाही. आणि खिडकीवरच्या माणसावर ओरडण्याआधी एक विचारून घ्या, भाऊ, तुमच्याकडे किती टेबलं आहेत? उत्तर ‘तीन’ आलं तर माहिती अधिकाराचा तो १० रुपयांचा अर्ज पालकांनी मिळून टाकावा.